छोटं सिरॅमिक कोळसा ग्रिल घ्यायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी निवडीपासून पावसाळ्यापर्यंत

सिरॅमिकचं कोळसा ग्रिल घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी जाळी केवढी ते विचारतो, मग किंमत. वजन विचारायचं राहून जातं, आणि पुढे गाडी अडते ती वजनापाशीच. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधून ते खाली कोण आणणार, डिकीत कोण चढवणार, पवनेच्या काठावर जेवणं झाल्यावर ते निवेपर्यंत तिथे कोण थांबणार, हे आधी ठरलं की आकार, बनावट, सोबतचं सामान हे सगळं त्यामागून ठरत जातं. म्हणून या लेखाचा क्रम दुकानातल्या क्रमापेक्षा वेगळा ठेवला आहे. आधी जागा, मग वजन, मग दुकानातली पारख.

पण त्याआधी हे ग्रिल चालतं कसं ते नीट कळायला हवं, कारण पुढची प्रत्येक सूचना तिथूनच निघते.

आतली रचना

या ग्रिलला कामाडो म्हणतात. मूळ जपानमधल्या भात शिजवायच्या चुलीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकी सैनिकांनी ही चूल मायदेशी नेली, आणि १९७४ साली अटलांटामध्ये एड फिशर यांनी बिग ग्रीन एग ही कंपनी सुरू केली. हिरव्या अंड्यासारखं जे ग्रिल चित्रांत दिसतं ते त्यांचं. आज अनेक कंपन्या अशी ग्रिलं करतात.

बाहेरून जाड भिंतींचं सिरॅमिकचं भांडं आणि त्यावर बिजागरीचं तसंच जाड झाकण. आत सिरॅमिकचीच कोळशाची कुंडी. कुंडीच्या तळाला भोकांची जाळी असते, तिच्यातून राख खाली पडते आणि हवा वर येते. कोळशाच्या वर स्वयंपाकाची जाळी. भांड्याच्या तळाशी एक सरकती झडप आणि झाकणाच्या टोकाला दुसरी. खालून हवा आत शिरते, कोळशातून जाते, तापते आणि वरून बाहेर पडते. झडपा जेवढ्या उघड्या तेवढी आच मोठी. नॉब नाही, वीज नाही, गॅस नाही.

भिंती जाड असल्यामुळे उष्णता आतच राहते. म्हणून कोळसा कमी लागतो, हवा कमी खेळते आणि अन्न सुकत नाही. मंद आचेवर ११० अंश सेल्सिअसला मटण तासन् तास शिजवता येतं आणि त्याच भांड्यात ३०० अंशांवर पिझ्झाही होतो. पत्र्याच्या साध्या बार्बेक्यूवर चिकन बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. झाकण बंद ठेवून शिजवलं की ती बरीचशी मिटते, कारण उष्णता चारी बाजूंनी लागते.

याच जाडीचा तोटाही लक्षात ठेवा. भांडं तापायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा वाजवीपेक्षा जास्त तापलं की खाली यायला तास जातो. विझवल्यावरही ते कित्येक तास गरम असतं. आणि पडलं तर फुटतं.

जपानी पद्धतीच्या छोट्या उघड्या मातीच्या शेगड्याही मिळतात. त्या हलक्या असतात, टेबलाशेजारी बसून चार सळया भाजायला छान. पण त्यांना झाकण नाही, त्यामुळे हा झडपांचा खेळ तिथे नाही. या लेखात मी झाकणवाल्या ग्रिलबद्दलच बोलते आहे.

पहिलं पाऊल: ग्रिल पेटणार कुठे?

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि इथे उत्तर नकारार्थी आलं तर पैसे वाचवून थांबावं असं मी मनापासून सांगेन.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसेनासा झाला, निखारे छान लाल झाले, तरी तो निघतच असतो. खिडक्या उघडून, एक्झॉस्ट लावून, घरात कोळशाचं ग्रिल पेटवणं सुरक्षित होत नाही. काचा सरकवून बंद केलेली बाल्कनी म्हणजे घरातली खोलीच समजा. ड्राय बाल्कनी तर नकोच नको. तिथे कपडे वाळत असतात, वॉशिंग मशीन असतं, बऱ्याच इमारतींत पाइप गॅसची नळीही तिथूनच जाते.

उघड्या बाल्कनीतही मी सावध राहीन. वरच्या मजल्यावरच्यांचे कपडे, त्यांचं घरातलं बाळ, त्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट, हे सगळं तुमच्या धुराच्या वाटेवर असतं. वाऱ्याने उडालेली एक ठिणगी खालच्या मजल्यावरच्या प्लास्टिकच्या छपरावर पडायला वेळ लागत नाही.

राहिली गच्ची. ती सोसायटीच्या सगळ्यांची असते, तेव्हा समितीला अर्ज करून लेखी परवानगी घ्या. अर्जात तारीख, वेळ, किती माणसं, आग विझवायची काय सोय केली आहे आणि राख कुठे टाकणार हे लिहिलं की समितीतल्या मंडळींना हो म्हणणं सोपं जातं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर थेट ग्रिल ठेवू नका. पायांच्या स्टँडवर ठेवा आणि खाली शहाबादी फरशीचा तुकडा घाला. आणि उंच इमारतींतला रेफ्यूज एरिया कितीही मोकळा, वारा खेळता वाटला तरी तिथे ग्रिल न्यायचं नाही. आग लागली तर माणसांनी जमायची ती जागा आहे. ती रिकामीच हवी.

खरी सोय आहे ती तळमजल्यावर अंगण असलेल्यांची. वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या रो हाऊसमध्ये राहणारे, ऐरोली-घणसोलीच्या गावठाणात स्वतःचं घर असलेले, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधले. ही शेवटची वसाहत चार्ल्स कोरिया यांनी आखताना घरांच्या पुंजक्यांमध्ये अंगणं ठेवली होती. अशा घरात राहत असाल तर सिरॅमिक ग्रिल एका जागी ठेवून वर्षानुवर्षं वापरता येईल आणि पुढच्या पायरीतली वजनाची चिंता निम्मी होईल. मात्र भिंतीपासून, झाडाच्या खाली वाकलेल्या फांद्यांपासून आणि स्कूटरपासून ते चांगलं लांब ठेवा.

अंगण नाही, गच्चीची परवानगी नाही, आणि ग्रिल फक्त वर्षातून दोनदा कॅम्पला न्यायचं आहे, असं असेल तर सिरॅमिक घेऊ नका. झाकण असलेलं पत्र्याचं छोटं ग्रिल घ्या. ते चार-पाच किलोचं असतं, लवकर निवतं आणि किंमत सिरॅमिकच्या कितीतरी खाली असते.

दुसरं पाऊल: वजन आणि आकार

बाजारातली छोटी सिरॅमिक ग्रिलं ढोबळमानाने दोन मापांत बसतात.

सर्वांत लहान म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या जाळीचं. वजन १७-१८ किलोच्या आसपास. एका धडधाकट माणसाला उचलता येतं. जाळीवर मावतं ते दोन माणसांचं: दोन पापलेटं, किंवा चिकनचे चार-पाच लेग पीस, किंवा एक मोठं वांगं आणि बाजूला दोन कांदे.

त्याच्या वरचं माप सुमारे ३३ सेंटिमीटरचं. वजन ३० ते ३५ किलो. हे उचलायला दोन माणसं लागतातच. चौघांचं जेवण यावर आरामात होतं.

व्यासातला हा फरक दिसायला हाताच्या चार बोटांएवढा, पण जाळीचं क्षेत्रफळ काढून बघा. २५ सेंटिमीटरच्या जाळीचं सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर भरतं, ३३ च्या जाळीचं सुमारे ८५५. म्हणजे जागा जवळजवळ पावणेदोनपट होते. वजनही जवळपास त्याच पटीत वाढतं. याच्या पुढचं ४६ सेंटिमीटरचं माप म्हणजे सत्तर किलोच्या वरचा मामला. ते अंगणात कायमचं बसवायचं ग्रिल आहे, कॅम्पिंगचा विचारसुद्धा नको.

माझं मत असं. तिघं-चौघं घरात आणि स्वतःचं अंगण किंवा हक्काची गच्ची असेल, कॅम्प अधूनमधून, तर ३३ चं घ्या. दोघंच असाल आणि दर हिवाळ्यात तंबू घेऊन बाहेर पडत असाल तर २५ चं. चौघांसाठी २५ चं घेऊन 'दोन खेपांत भाजू' असा हिशेब करू नका. पहिली खेप खाणारे आणि दुसरीची वाट पाहणारे अशा दोन पंगती पडतात, आणि भाजणाऱ्याच्या वाट्याला गार जेवण येतं.

घेण्यापूर्वी घरी एक चाचणी करा. तांदळाचं २५ किलोचं पोतं घेऊन घरापासून लिफ्ट, लिफ्टपासून पार्किंग, आणि मग डिकी असा प्रवास करून बघा. डिकीच्या कडेवरून वजन आत ठेवताना कंबर काय म्हणते ते कळेल. टेपने डिकीची उंचीही मोजा. ग्रिल उभंच न्यायचं असतं, आडवं पाडून नाही, आणि छोट्या गाडीत मागचं झाकण लागत नाही असं होऊ शकतं. लोकलने न्यायची ही वस्तू नव्हे.

दुहेरी पत्र्याची, आत उष्णतारोधक थर असलेली कामाडोच्या आकाराची ग्रिलंही मिळतात. ती सिरॅमिकपेक्षा हलकी आणि न फुटणारी. गाडीतून खूप फिरणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा. फक्त आपली खाडीकाठची हवा पत्र्याला सोसत नाही. एनॅमल एका ठिकाणी उडालं की तिथून गंज पसरतो. सिरॅमिकच्या भांड्याला गंजाची भीती नाही. त्याच्या पट्ट्यांना, बोल्टांना आणि बिडाच्या जाळीला मात्र आहे.

तिसरं पाऊल: दुकानातली पारख

शक्यतो प्रत्यक्ष बघून घ्या. ऑनलाइन मागवलंत तर खोका देणाऱ्यासमोरच उघडा आणि उघडतानाचा व्हिडिओ काढा.

भांडं आणि झाकण बोटाच्या पेराने ठोकून बघा. उन्हाळ्यात माठ घेताना आपण ठोकतो तसंच. खणखणीत आवाज आला तर भांडं अखंड. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. वरच्या चकाकत्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नका, त्या फक्त वरच्या लेपात असतात. आतून बाहेर आरपार जाणारी रेष दिसली तर ग्रिल परत करा.

मग कागदाची चाचणी. भांड्याच्या कडेवर कागदाची पट्टी ठेवा, झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती अडकायला हवी. असं चार-सहा ठिकाणी करून बघा. एखाद्या बाजूने पट्टी अलगद निघाली तर तिथून हवा शिरणार, आणि झडपा बंद करूनही आच आवरणार नाही. झाकणाच्या कडेला फेल्टची किंवा तशीच उष्णता सोसणारी पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. ती सुबक, सलग चिकटलेली हवी.

झाकण उघडून सोडा. ते आपोआप खाली आदळायला नको. झाकण आणि भांडं आपापल्या धातूच्या पट्ट्यांत फक्त घट्ट आवळून धरलेलं असतं. पट्टीचा बोल्ट ढिला पडला तर झाकण तिच्यातून निसटतं, आणि सिरॅमिक फुटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. पहिल्या चार-पाच वापरांनंतर, आणि गाडीतून नेलं तर प्रत्येक प्रवासानंतर, ग्रिल थंड असताना पाना घेऊन बोल्ट तपासा.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: गॅस्केट सुटं मिळतं का, आतली कुंडी सुटी मिळते का, आणि उष्णता अडवणारी चकती सोबत आहे की वेगळी घ्यायची. आपल्याकडे येणारी बहुतेक ग्रिलं आयात केलेली असतात, म्हणून सुट्या भागांची चौकशी आधीच केलेली बरी. गॅस्केट काही वर्षांत झिजतं. कुंडीला वापराने तडा जाऊ शकतो. मोठ्या कंपन्या सिरॅमिकवर लांबची हमी देतात, पण ती अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या पहिल्या ग्राहकाला असते, आणि हातातून पडून फुटलं तर सहसा लागू होत नाही. हमीचा कागद तिथेच उभं राहून वाचा.

ती चकती मात्र घ्याच. कोळसा आणि जाळी यांच्यामध्ये ती ठेवली की अन्नाला थेट धग लागत नाही. ती नसेल तर तुमचं ग्रिल म्हणजे एक महागडी शेगडी.

सोबत आणखी काय लागेल? टोक खुपसून मांसाचं आतलं तापमान दाखवणारा थर्मामीटर, लांब चिमटा, कोपरापर्यंत येणारे उष्णतारोधक हातमोजे आणि राख ओढायचं फावडं. झाकणावरचा गोल थर्मामीटर बरेचदा चुकीचं दाखवतो, म्हणून तो काढून उकळत्या पाण्यात दांडी बुडवून बघा. ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीलगतच असल्यामुळे आपल्याकडे पाणी १००ला उकळतं. काटा ९० किंवा ११० दाखवत असेल तर मागच्या नटाने जुळवून घ्या. बाकीचं सामान वापरता वापरता हळूहळू घेता येतं.

चौथं पाऊल: कोळसा

लाकडी कोळसाच हवा. दगडी कोळसा चुकूनही नको. त्याच्या धुरातली गंधकाची घाण अन्नात उतरते.

लाकडी कोळसा वखारीत पोत्याने मिळतो, तंदूरवाले आणि इस्त्रीवाले तोच नेतात. वखारीचा पत्ता जवळच्या इस्त्रीवाल्याला विचारा. पोतं घेताना वरून चार तुकडे बघून समाधान मानू नका, हात आत घाला. मुठीएवढे तुकडे जास्त आणि चुरा कमी असावा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार व्हायला हवा, हाताला ओल लागता कामा नये. बाभळीच्या जातीचा कोळसा जड असतो आणि बराच वेळ टिकतो. चुरा कुंडीत गेला की तळाची भोकं बुजतात, मग वरच्या-खालच्या झडपा सताड उघडल्या तरी आच चढत नाही. नवख्यांना वाटतं ग्रिल बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, हवेची वाट अडलेली असते.

दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांमध्ये बांधण्यासाठी इतर पदार्थ घातलेले असतात आणि त्यांची राख जास्त होते. छोट्या कुंडीत ती लगेच भरते. नारळाच्या करवंटीच्या चांगल्या वड्या हा त्यातला अपवाद. त्या एकसारख्या जळतात आणि लांबच्या मंद शिजवण्याला बऱ्या पडतात, पण पेटायला वेळ घेतात.

धुराच्या वासासाठी कोळशावर लाकडाचे एक-दोन तुकडे टाकता येतात. आंबा, पेरू, चिकू, जांभूळ, यांतलं काहीही चालेल, फक्त पूर्ण वाळलेलं हवं. रंग दिलेलं, प्लायवूड, खोक्यांच्या फळ्या नकोत. आणि रस्त्याकडेला किंवा बागेत छाटून पडलेल्या फांद्या उचलताना नीट ओळखा. कण्हेर आपल्याकडे दुभाजकांवर जागोजाग लावलेली असते, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि तिचा धूरही. ओळख पटत नसेल तर ते लाकूड घेऊ नका.

पाचवं पाऊल: पहिली आच

कुंडीत मोठे तुकडे तळाला, लहान वर. छोट्या ग्रिलला साधारण किलोभर कोळसा पुरतो. रॉकेल किंवा पेटवायचं कुठलंही द्रव वापरू नका. सिरॅमिकच्या आतल्या भिंतीला लेप नसतो, ती वास शोषून घेते, आणि पुढचे कित्येक दिवस भाजलेल्या प्रत्येक गोष्टीला तो वास येतो. त्याऐवजी नारळाच्या वाळलेल्या शेंडीचा गोळा आणि करवंटीचे दोन तुकडे कोळशाच्या मधोमध खोचून पेटवा. घराघरात असलेलं हे सामान या कामाला उत्तम.

झाकण उघडं, खालची झडप पूर्ण उघडी. दहा मिनिटांत मध्ये लाल निखारे दिसले की झाकण लावा. सुरुवातीचा दाट पांढरा धूर कडवट असतो, तेव्हा अन्न ठेवू नका. धूर विरळ, निळसर झाला की सुरुवात करा.

आता झडपांचा अभ्यास. हवं त्या तापमानाच्या २० अंश आधीच झडपा आवळायला लागा. २०० हवे असतील तर काटा १८० वर आला की खालची झडप दोन बोटं उघडी ठेवा, वरची त्याहून कमी. मग पाच-सात मिनिटं हात लावू नका. केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो. घाईघाईने झडपा हलवत राहिलात तर काटा वर-खाली नाचत राहील. चढवणं सोपं, उतरवणं अवघड, म्हणून नेहमी खालून वर जा.

नव्या ग्रिलचे पहिले दोन-तीन वापर १८० अंशांच्या आतच ठेवा. गॅस्केटचा गोंद त्यात नीट बसतो. या आचेवर रताळी आणि सालासकट कांदे चकतीवर ठेवून निवांत भाजा. त्यातून तुम्हाला तुमच्या झडपांची नस सापडेल. मग भरताचं वांगं. चकती काढून, २०० च्या आसपास, झाकण बंद ठेवून २५-३० मिनिटं, मध्ये दोन-तीनदा फिरवायचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं साल तेवढं जळतं. इथे धूर गरापर्यंत मुरतो, आणि त्या भरताला कच्च्या तेलाशिवाय आणि मिरचीशिवाय काहीच लागत नाही.

मासळीला हात घालायचा तो नंतर. बांगडा उत्तम, कारण त्याचं स्वतःचं तेल असतं. जाळी चांगली तापू द्या, तेल जाळीऐवजी माशाला लावा, आणि एक बाजू स्वतःहून सुटेपर्यंत उलटवायची घाई करू नका. पापलेट केळीच्या पानात गुंडाळून चकतीवर ठेवलं की तुटत नाही. चिकनला दही-आलं-लसूण लावून १८० ते २०० वर चकतीच्या आडून शिजवा, आणि हाडाजवळचं तापमान ७४ अंश झाल्याशिवाय उतरवू नका. रंगावर जाऊ नका. धुराने मांस हाडापाशी गुलाबी राहतं, तरी शिजलेलं असू शकतं, आणि बाहेरून खरपूस दिसणारं आत कच्चंही असू शकतं.

एक धोका मोठ्या अक्षरांत लिहावा असा. झडपा आवळून भांडं गरम असताना झाकण एकदम उघडलं तर आत अचानक हवा शिरते आणि ज्वाळेचा लोट बाहेर येतो. भुवया आणि हात भाजतात. म्हणून आधी झाकण दोन-तीन बोटं उचला, चार-पाच सेकंद थांबा, मग पूर्ण उघडा. चेहरा लांब ठेवा. मुलांना ही सवय पहिल्याच दिवशी दाखवा, किंवा त्यांना जवळ येऊच देऊ नका.

काम झालं की दोन्ही झडपा पूर्ण बंद. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतो. या ग्रिलमुळे कोळसा वाचतो तो इथेच. पाणी कधीही ओतू नका. तापलेल्या सिरॅमिकला तडा जातो आणि वाफेने तुम्ही भाजता.

सहावं पाऊल: कॅम्पला नेताना

आदल्या रात्रीच चकती, जाळी आणि कुंडी बाहेर काढा, प्रत्येक भाग जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि वेगळा ठेवा. त्यामुळे भांड्याचं वजन कमी होतं आणि खड्ड्यांत कुंडी आतल्या आत आपटून फुटत नाही. झाकण पट्ट्याने बांधा, भांडं गोधडीत गुंडाळून उभं ठेवा, आणि ते घसरणार नाही असं दोन्ही बाजूंनी सामान लावा. माळशेजचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना हे कष्ट सार्थकी लागतात.

कुठे पेटवायचं नाही हे निघण्याआधी ठरवा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पनवेलजवळचं कर्नाळा, काशीदच्या वाटेवरचं फणसाड, भंडारदऱ्याकडे रतनवाडी-घाटघर ज्यात येतात ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड, ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्रात त्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडणं हा गुन्हा आहे, आणि डिसेंबरनंतर वाळलेल्या गवतात प्रत्येक ठिणगी धोक्याचीच. ग्रिलला झाकण आहे म्हणून ती अडचण सुटत नाही. खासगी कॅम्पसाइट घ्या आणि मालकाला कोळशाच्या ग्रिलबद्दल आधीच विचारा.

जागेवर पोचल्यावर चार पावलांच्या घेरातलं गवत-पाचोळा काढा आणि ग्रिल सपाट, पक्क्या जागी स्टँडवर ठेवा. नागाव-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ते वाळूत टेकवलं तर खालची झडप बुजते, म्हणून फरशीचा तुकडा सोबत न्याच. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात पत्र्याच्या बार्बेक्यूची आच भडकत-विझत राहते. सिरॅमिक तिथे शांतपणे आपलं तापमान धरून ठेवतं. कॅम्पला एवढं वजन नेण्याचं समाधान मला तिथे सर्वांत जास्त मिळतं.

वेळेचं गणित मात्र पक्कं हवं. रात्री दहाला झडपा बंद केल्यात तर ग्रिल सकाळीच हलवा. त्याच रात्री परतायचं असेल तर सिरॅमिक घरीच ठेवा. कोमट वाटणाऱ्या राखेत लाल निखारा दडलेला असू शकतो, आणि तो बंद गाडीत आग लावतो, शिवाय कार्बन मोनॉक्साइडही सोडतो. थंडी वाजते म्हणून विझलेलं दिसणारं ग्रिल तंबूत किंवा तंबूच्या दाराशी घेऊ नका. त्याने झोपेतच जीव जाऊ शकतो.

पावसाळा

राख पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे किमान एक दिवस उलटल्यावर, पत्र्याच्या डब्यात काढा. गरम राख सोसायटीच्या कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात टाकून आगी लागतात.

मेच्या अखेरीस ग्रिल एकदा रिकामं करा. उरलेला कोळसा झाकणाच्या पिंपात भरा, तो उघडा राहिला तर हवेतली ओल शोषून घेतो आणि पुढच्या वेळी तडतडत ठिणग्या उडवतो. बिडाची जाळी पुसून तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळा. पट्ट्यांना आणि बोल्टांनाही तेल लावा. ग्रिल पावसाच्या आडोशाला ठेवा आणि दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवा. दमट हवा आत कोंडली की चार महिन्यांत भिंतींवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. अधूनमधून झाकण उघडून बघत राहा.

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पेटवताना सिरॅमिकमध्ये ओल मुरलेली असू शकते. एकदम आच दिली तर तडा जाण्याची भीती असते, म्हणून तासभर १०० ते १२० अंशांवर मंद ठेवून आधी ती ओल उडू द्या. बुरशी दिसली असेल तर त्यानंतर झडपा उघडून रिकामं ग्रिल २६० च्या पुढे अर्धा-पाऊण तास जाळा, थंड झाल्यावर आतून कोरड्या ब्रशने घासा, राख आणि तो कोळसा टाकून द्या. साबण लावू नका. गॅस्केट कुठे सुटलंय का ते बघा, बोल्ट आवळा, कागदाची चाचणी पुन्हा करा आणि मग नवा कोळसा भरा.